टाळ्यांवर जाऊ नका, ढिगात हात घाला



मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष महिन्यात यात्रा भरते आणि तिथे जनावरांचा मोठा बाजार लागतो. बैल घ्यायला आलेला शेतकरी मालकाच्या बोलण्यावर किंवा भोवती जमलेल्या गर्दीवर भुलत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, बैल चालवून पाहतो आणि मगच भावाची बोलणी करतो. हीच पारख इंटरनेटवरील नव्या साधनांच्या बाबतीत कशी वापरावी, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

अमेरिकेत २००८ सालापासून गूगल कंपनी आपली विकासक परिषद भरवीत आली आहे. विकासक म्हणजे संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे कारागीर. व्यासपीठावर नवी साधने दाखवली जातात आणि सभागृह टाळ्या वाजवते. तो कार्यक्रम त्याच क्षणी शहापूरच्या बाजारपेठेत बसूनही मोबाइलवर पाहता येतो. पाहणारे लगेच आपले मत लिहू लागतात: आता जुने सगळे संपले, जो मागे राहील तो बुडेल. दुसऱ्या दिवशी दुकानात मुलगा म्हणतो, "अब्बा, आपणही हे लगेच घ्यायला हवे." अशा वेळी वडिलांनी काय उत्तर द्यावे?

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चरित्रातील एक प्रसंग आपल्याला माहीत आहे. बाजारात धान्याचा ढीग पाहून त्यांनी त्यात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. त्यावर, भिजलेला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणुकीची कडक निंदा केली. आम्ही या परिषदांना फसवणूक म्हणत नाही. परंतु व्यासपीठावर ढिगाचा वरचा भागच दिसतो, हे खरे. हात आत घालणे हे घेणाऱ्याचे काम आहे. तो कसा घालावा, हे चार उदाहरणांतून पाहू.

पहिली गोष्ट : टाळ्या कोण वाजवतो?

मे २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत 'गूगल वेव्ह' हे साधन दाखवण्यात आले. पत्रव्यवहार, गप्पा आणि कागदपत्रे एकाच ठिकाणी. एकाने अक्षर लिहिले की दुसऱ्याला ते त्याच क्षणी दिसणार. श्रोत्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. पुढे ४ ऑगस्ट २०१० रोजी कंपनीनेच हे काम थांबवल्याचे जाहीर केले, कारण अपेक्षेइतके वापरणारे मिळाले नाहीत. टाळ्या खोट्या नव्हत्या. पण त्या वाजवणारे कारागीर होते, गिऱ्हाईक नव्हते. सुतार दुसऱ्या सुताराच्या सांध्याची तारीफ करतो, म्हणून ते कपाट विकले जातेच असे नाही. शिवाय त्याच परिषदेत श्रोत्यांना मोबाइल फोन भेट मिळाले होते. भेट घेतलेल्या पाहुण्याचे मत आणि पदरचे पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाचे मत यांत फरक करावाच लागतो.

दुसरी गोष्ट : फुकट किती दिवस?

मे २०१५ च्या परिषदेत 'गूगल फोटोज' आले. थोडा दर्जा कमी करून हवे तितके फोटो विनामूल्य ठेवा, असे सांगितले गेले. १ जून २०२१ पासून ही सोय बंद झाली; त्यानंतर चढवलेले नवे फोटो मोजून १५ जीबीच्या मर्यादेत धरले जाऊ लागले. आपल्या फर्निचरचे, ग्रिलचे, शिवणकामाचे नमुने जो कारागीर तिथेच साठवत होता, त्याला पैसे भरणे किंवा दुसरी जागा शोधणे भाग पडले.

तिसरी गोष्ट : बंद पडले तर हातात काय उरेल?

४ जानेवारी २०१७ रोजी दिल्लीत सुंदर पिचाई यांनी भारतातील छोट्या व्यावसायिकांसाठी विनामूल्य वेबसाइटची योजना जाहीर केली. दुकानाची माहिती आणि फोटो भरले की साइट आपोआप तयार. सोय खरोखर उपयोगी होती. परंतु मार्च २०२४ मध्ये या साइट बंद करण्यात आल्या. १० जून २०२४ पर्यंत जुना पत्ता टाकणारा दुकानाच्या गूगल प्रोफाइलकडे वळवला जात होता. त्यानंतर तेही थांबले. ज्याने तो पत्ता पाटीवर, बिलावर आणि कार्डावर छापला होता, त्याची पाटी नव्याने रंगवणे आले. जागा दुसऱ्याची असेल तर भाडेकरू कितीही जुना असो, चावी मालकाकडेच राहते.

चौथी गोष्ट : आपल्या गावात चालेल का?

यासाठी अमेरिकेत जायला नको. नोटाबंदीनंतर १ डिसेंबर २०१६ रोजी आपल्या मुरबाड तालुक्यातील धसई हे राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. त्या वेळचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार कार्यक्रमाला होते. दुकानदारांकडे कार्ड घासण्याची यंत्रे आली, वर्तमानपत्रांत फोटो छापून आले. पुढे मात्र धसईत पुन्हा रोखीचे व्यवहार वाढल्याच्या बातम्या आल्या. कार्डाच्या यंत्राला नेटवर्क लागते, वीज लागते, गिऱ्हाइकाच्या खिशात कार्ड लागते, आणि व्यवहारावरील कटौतीची चिंता दुकानदाराला असते. यातली एक गोष्ट नसली की यंत्र गल्ल्याशेजारी नुसते बसून राहते.

म्हणजे नवे काही घेऊच नये काय? मुळीच नाही. त्याच २०१६ सालच्या एप्रिलमध्ये यूपीआयचा आरंभ झाला आणि ऑगस्टपासून बँकांची अॅप लोकांच्या हाती आली. त्याला यंत्र लागत नाही. कागदावर छापलेला क्यूआर कोड पुरतो. १ जानेवारी २०२० पासून त्यावरील दुकानदाराची कटौती शून्य झाली. ते एका दुकानदारीचे साधन नाही. एक अॅप बंद पडले तर दुसऱ्या अॅपवरून त्याच बँकखात्यात पैसे येतात. म्हणून आज आसनगाव स्टेशनाबाहेरच्या चहावाल्यापासून मुरबाडच्या भाजीवाल्यापर्यंत ते पोहोचले. वरील चार प्रश्नांपैकी तीन प्रश्नांना ते उतरले. फक्त नेटवर्कचा प्रश्न डोंगराकडच्या पाड्यांत अजून छळतो.

आता ताजे उदाहरण. मे २०२५ च्या परिषदेत गूगलने शोधातील 'एआय मोड' पुढे आणला. गिऱ्हाइकाने "शहापुरात लोखंडी जिना कोण बनवतो" असे विचारले, तर नुसती यादी न देता यंत्र स्वतः उत्तर रचून देते. याची धास्ती घालून हजारो रुपये मागणारे एजंट बाजारात फिरू लागले, तर घाईने पैसे देऊ नका. आधी एवढे करा: गूगलवरील आपल्या दुकानाच्या प्रोफाइलची चावी, म्हणजे ईमेल आणि पासवर्ड, स्वतःकडे आहे का ते पाहा. नाव, फोन आणि पत्ता बरोबर आहे का ते तपासा. जुम्म्याच्या नमाजसाठी दुकान बंद असते ती वेळ त्यात भरा, म्हणजे खर्डी-कसाऱ्याहून आलेले गिऱ्हाईक बंद दारावरून परत जाणार नाही. या कामाला पैसे लागत नाहीत.

शेवटी एक मूळ गोष्ट. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आहे. ती नोंद आपल्या ताब्यात राहील अशीच असावी. मोबाइलमध्ये उधारी लिहीत असाल तर जरूर लिहा, पण महिन्यातून एकदा ती वहीत उतरवा. गिऱ्हाइकांचे नंबरही वहीत ठेवा. गिऱ्हाइकाचा हिशेब ही आपल्याकडची अमानत आहे, आणि कंपनीने सेवा बंद केली, हे उत्तर देणेकऱ्याच्या किंवा घेणेकऱ्याच्या हक्कापुढे चालणार नाही.

या आठवड्याचा अभ्यास : आपण धंद्यात वापरतो ती इंटरनेटवरील सर्व साधने एका कागदावर लिहा. प्रत्येकापुढे हे चार प्रश्न मांडा: याची तारीफ कोण करतो, खर्च पुढे किती होईल, बंद पडले तर हातात काय उरेल, आणि आपल्या गावात ते रोज चालते का? ज्याच्यापुढे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "काहीच नाही" असे येईल, त्याची नोंद आजच वहीत उतरवायला घ्या.

अल्लाह आपल्या हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.