फोकस जागेवर, नजर मुलावर

खेळणाऱ्या मुलांचे फोटो मॅन्युअल फिल्म कॅमेऱ्यावर काढायचे असतील, तर पळत्या मुलामागे लेन्सची रिंग फिरवत बसू नका. मूल कुठे येणार हे आधी ओळखा, तिथे फोकस लावा आणि थांबा. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

माझा कॅमेरा पेंटॅक्स के १०००. हा १९७६ साली बाजारात आला. त्यात सगळं काम हाताने करायचं. बॅटरी लागते ती फक्त प्रकाश मोजायला. बहिणीची मुलं अंगणात शिवाशिवी खेळत होती, तेव्हाचा रोल धुऊन आला आणि मला धडा मिळाला. मागची भिंत लख्ख, तिच्यावरच्या गिलाव्याचे पोपडे मोजता यावेत इतके स्पष्ट, आणि मुलांचे चेहरे पुसट. कारण साधं आहे. ५० मिमी लेन्सवर अ‍ॅपर्चर एफ/२ ठेवलं आणि मूल दोन मीटरवर असलं, तर स्पष्टतेचा पट्टा असतो जेमतेम २० सेंटिमीटर. आपल्या दिशेने सेकंदाला तीन मीटर वेगाने येणारं मूल तो पट्टा सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत ओलांडतं. बोटं कितीही सरावलेली असोत, त्या वेगाला पुरी पडत नाहीत.

म्हणून अ‍ॅपर्चर बारीक करा. त्याच लेन्सवर एफ/८ ठेवून तीन मीटरवर फोकस लावला, की साधारण २.३ पासून ४.२ मीटरपर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. हा पट्टा लेन्सच्या नळीवरच कोरलेला असतो. तो वाचायला शिका. ३५ मिमीची लेन्स असेल तर पट्टा आणखी रुंद होतो.

आता जागा कशी ओळखायची? आपल्या खेळांनीच ती सोय करून ठेवली आहे. लगोरीत फोकस रचलेल्या चकत्यांवर लावा. त्या पुन्हा रचायला कुणीतरी येणारच. खो-खोत खांब धरा. पाठलाग करणारा त्याला वळसा घालायला येतो. झोका तर नवशिक्यासाठी सर्वांत उत्तम. वर गेलेला झोका टोकाला क्षणभर थांबतो, आणि दर हेलकाव्याला जवळपास त्याच ठिकाणी. तिथे १/१२५ सेकंदाचा शटरवेगही पुरतो. लंगडीतली किंवा दोरीवरची उडी सर्वांत उंच पोचते तेव्हाही वेग असाच विरतो. सरळ धावणाऱ्या मुलाला मात्र १/५०० हवा.

बटण किंचित आधी दाबायचं, हे अंगवळणी पाडा. एसएलआर कॅमेऱ्यात फोटो निघताना आरसा वर जातो आणि खिडकी काळी होते. तुम्हाला जो क्षण अगदी स्वच्छ दिसला, तो फिल्मवर उतरलेला नसतो.

फिल्म ४०० आयएसओची घ्या. रणरणत्या उन्हात एफ/१६ आणि १/५००, ढगाळ पण उजळ दिवशी एफ/८ आणि १/५००, इमारतीच्या मोकळ्या सावलीत एफ/५.६ किंवा एफ/४, असा अंदाज धरून चाला. निगेटिव्ह फिल्म थोडा जास्त प्रकाश सहज सोसते, कमी प्रकाश सोसत नाही. शंका आली तर एक घर जास्तीकडे झुका. दिवेलागणीला धावपळ टिपायचा हट्ट सोडा. मुलं दमून पायरीवर बसतात, घटाघटा पाणी पितात, खरचटलेला गुडघा एकमेकांना दाखवतात, ते टिपा.

खेळ सुरू व्हायच्या आधी फिल्म भरा. पहिले दोन-तीन फोटो पुढे सरकवताना डावीकडची गुंडाळायची कळ फिरते का, ते पाहा. ती फिरत नसेल तर फिल्म पकडली गेलेली नाही आणि पूर्ण रोल कोरा राहील. शेवटचे चार-पाच फोटो राखून ठेवा. खेळ संपता संपताच रंगात येतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं. डोळा कॅमेऱ्याला लावला की आजूबाजूचं काही दिसत नाही. झोक्यावरच्या पोरीवर फोकस लावून बसले असताना एक छोटा मागून थेट झोक्याखाली धावला होता. शेजारच्या काकूंनी त्याला हात धरून ओढलं म्हणून निभावलं. तिथे तुम्ही एकटेच मोठे असाल तर कॅमेरा बाहेर काढू नका. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो घेण्याआधी त्यांच्या आईवडिलांना विचारा. आणि हुकलेल्या फोटोसाठी ‘परत एकदा उडी मार’ असं मुलांना सांगू नका. त्या सांगण्याने त्यांचा खेळ मोडतो आणि ती तुमच्यासाठी उड्या मारू लागतात. हुकलेला फोटो सोडून द्या. जागा नीट निवडली असेल, तर मूल आपल्याच पायाने तिथे परत येईल.