घरचे दोन नंबर पाठ करून जा

बाळा, बँकॉकला कॉम्प्युटरवरची नोकरी, तिकीट कंपनीचं, राहणं-जेवण फुकट, असं सांगून एजंट नेतो आणि गाडी थायलंडच्या मे सोतवरून मोई नदीपलीकडे म्यानमारच्या म्यावाडीत शिरते. मार्च २०२५ मध्ये तिथल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या ५००हून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. शिकलेलीच मुलं होती त्यात. पर्यटक म्हणून थायलंडला उतरून नोकरी करता येत नाही. एजंट ‘व्हिसाचं तिथे बघू’ म्हणाला, तर जाऊच नकोस.

जायचंच असेल तर घरचे दोन नंबर तोंडपाठ कर. तिथे पासपोर्ट आणि स्वतःचा फोन आधी काढून घेतात. मग समोर कंपनीचे फोन येतात, परक्या माणसांना फसवायला, आणि त्या फोनांवर पाळत असते. दिवसभर फोन हाताळणाऱ्या पोराला घरी एक शब्द बोलता येत नाही. इकडे तो ‘ऑनलाइन’ दिसतो, ‘मी मजेत’ असा मेसेज येतो आणि आई निर्धास्त होते. मेसेज कुणीही टाइप करतं रे! आवाज ऐकल्याशिवाय खुशाली मानायची नाही. आणि आवाजातही खूण हवी, कारण शेजारी कुणी उभं असेल. आपल्याकडे गाय नाही. तू ‘कपिला व्याली का?’ विचारलंस की तू अडकलायस हे आम्ही समजू.

वहिनी, आता तुमच्यासाठी. चोरून फोन आला, तर ‘कशाला गेलास’ म्हणण्यात ते मिनिट घालवू नका. कुठे आहेस, इमारतीवर काय लिहिलंय, नदी दिसते का, सोबत कोण, एवढंच विचारा आणि लिहून घ्या. त्या नंबरवर उलट फोन लावू नका. फोन लपवलेला असेल आणि वाजला, तर मार पोराला बसेल. त्याचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकू नका. लिहिलेलं घेऊन पोलीस ठाण्यात जा, त्या देशातल्या भारतीय दूतावासाला कळवा, परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. तिथे पासपोर्टची माहिती लागेल, म्हणून त्याचा, व्हिसाचा आणि तिकिटाचा फोटो आजच घरच्या फोनमध्ये घ्या. एजंटशी झालेलं चॅटही घ्या, आणि मुलगा सुखरूप परतला तरी ते पुसू नका. एजंटवर गुन्हा सिद्ध करायला तेच लागतं.