बालकांच्या फुप्फुसांचा ध्वनिवेध

तान्ह्या मुलाला ताप-खोकला येऊन श्वास भरभर चालू लागला, म्हणजे विदर्भातील काही खेड्यांत ‘डब्बा झाला’ असे म्हणतात. वैद्यकशास्त्रात यासच न्यूमोनिया अथवा फुप्फुसदाह ही संज्ञा आहे. हा विकार झपाट्याने बळावतो. क्ष-किरण यंत्र मात्र बहुधा दूरच्या मोठ्या रुग्णालयातच असते. अशा वेळी सोनोग्राफी उपयोगी पडू शकते, हे आता सिद्ध झाले आहे.

वास्तविक हवा ही या ध्वनिलहरींची वैरीण होय. हवेने भरलेल्या फुप्फुसावरून त्या परत फिरतात. त्यामुळे फुप्फुस हा सोनोग्राफीचा विषयच नव्हे, अशी दीर्घकाळ समजूत होती. डॅनिएल लिक्टेनस्टाइन या फ्रेंच डॉक्टरांनी अतिदक्षता विभागातील निरीक्षणांवरून ही समजूत खोडून काढली. निरोगी फुप्फुसाचे आवरण पडद्यावर चकाकत्या रेघेसारखे दिसते व श्वासागणिक सरकते. त्याखाली त्या रेघेच्या समांतर प्रतिकृती उमटतात. फुप्फुसात पाणी साचू लागले की आवरणापासून खालपर्यंत उभे प्रकाशपट्टे दिसतात. फुप्फुसदाहात तेथील हवा जाऊन तो भाग यकृतासारखा घट्ट दिसू लागतो व आत अडकलेली हवा ठिपक्यांप्रमाणे चमकते. फुप्फुसाभोवती पाणी झाले असल्यास ते काळे दिसते. मुलांची छाती लहान व पातळ असल्याने हे सारे त्यांच्यात अधिक स्पष्ट दिसते. मूल आईच्या मांडीवर असतानाच तपासणी होते, किरणोत्सर्गाचा प्रश्नच उद्भवत नाही. (रडणाऱ्या मुलाला क्ष-किरणांसाठी स्थिर धरण्याचा प्रसंग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचे महत्त्व सांगावयास नको.)

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात बालकांतील फुप्फुसदाह ओळखण्याची या पद्धतीची क्षमता सुमारे ९६ टक्के, तर रोग नसताना तसे अचूक सांगण्याची क्षमता सुमारे ९३ टक्के आढळली. तथापि आवरणापर्यंत न पोहोचलेला, खोलवरचा विकार यात दिसत नाही. रोग जिवाणूंचा की विषाणूंचा, हेही केवळ चित्रावरून खात्रीने ठरत नाही. शिवाय पाहणाऱ्याचा हात व डोळा तयार असावा लागतो. प्रशिक्षणाविना यंत्र विकत घेणे म्हणजे पैशाचा अपव्ययच.

यंत्राआधीची पायरी मात्र घरीच आहे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बालकात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, व पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरल्यास मुलाला दवाखान्यात न्यावे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर क्षणाचाही विलंब लावू नये. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील कार्यकर्त्यांकडून याच मार्गाने निदान व औषधोपचार करवून बालमृत्यू घटविल्याचे १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवून दिले.

अधिकाऱ्यांनी व पंचायत सदस्यांनी आणखी एक बाब ध्यानी घ्यावी. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ सालचा. त्यानुसार सोनोग्राफी यंत्राची व केंद्राची नोंदणी अनिवार्य आहे, मग ते मुलांच्या छातीसाठीच का घेतलेले असेना. पिशवीत मावणारे यंत्र मनास येईल तसे पाड्यापाड्यांवर फिरविता येत नाही. हा निर्बंध जाचक वाटला तरी त्यामागील कारण मुलींच्या जिवाचे आहे. म्हणून आरोग्य केंद्रासाठी यंत्राचा प्रस्ताव करतानाच समुचित प्राधिकाऱ्याकडे नोंदणीचा अर्ज आणि डॉक्टरांच्या प्रशिक्षणाची तरतूद, ही दोन्ही कामे हाती घ्यावीत.