पाण्यात उतरवताच होडी गळू लागली

प्रश्न : दापोलीजवळ खाडीकाठी आमचं घर आहे. हौसेसाठी जुनी लाकडी होडी घेतली. वर्षभर पडवीत ठेवलेली होडी पाण्यात सोडताच तळाशी घोटाभर पाणी साचलं. होडी फुकट गेली का?

उत्तर : अजिबात नाही. वर्षभरात लाकूड वाळून आकसलं आणि फळ्यांचे सांधे उघडले. होडी काठालगत उथळ पाण्यात दोन-तीन दिवस बांधून ठेवा. लाकूड फुगलं की बहुतेक सांधे आपोआप मिटतात. त्यानंतरही एखाद्या सांध्यातून धार येत असेल, तर तिथे खडूची खूण करा आणि गावातल्या जाणत्या सुताराकडून कापूस ठासून घ्या. वरवर सिमेंट किंवा एम-सील थापू नका. लाकूड फुगलं की ते निसटतं. फळीत सुरीचं टोक सहज रुतलं तर ती कुजली आहे, बदलाच.

पावसाळ्यात होडी ओंडक्यांवर पालथी, सावलीत ठेवा. खालून वारा खेळला पाहिजे.

आता वल्हवण्याविषयी. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. निघताना प्रवाहाविरुद्ध वल्हवा, म्हणजे दमल्यावर पाणीच घराकडे आणतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ फार असते. नवख्याने ते दिवस टाळावेत आणि खाडीच्या मुखाकडे तर जाऊच नये.

पाणी उपसायला डबा, जादा वल्हं आणि प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, एवढं झाल्याशिवाय दोर सोडू नका.