निर्भीड न्यायाधीश

अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतःची न्यायालये असतात. शिवाय केंद्राचीही न्यायालये असतात. त्यांना फेडरल न्यायालये म्हणतात. तेथील न्यायाधीशांना राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने तहहयात नेमतात. लोक रागावले तरी त्यांची खुर्ची सहसा जात नाही. फ्रँक जॉन्सन यांच्यावर तर पुष्कळ लोक रागावले होते!

जॉन्सन यांचा जन्म १९१८ साली अलाबामा राज्यात झाला. कायद्याची पदवी घेऊन ते सैन्यात गेले. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या रणभूमीवर ते जखमी झाले. तेव्हाचे सरसेनापती आयझेनहॉवर पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. १९५५ साली त्यांनीच जॉन्सन यांना माँटगोमेरी शहरात न्यायाधीश नेमले.

त्या शहराच्या बसमध्ये गोऱ्यांनी पुढे आणि काळ्यांनी मागे बसायचे, असा कायदा होता. त्याविरुद्ध काही कृष्णवर्णीय महिला न्यायालयात गेल्या. जून १९५६ मध्ये तीन न्यायाधीशांपैकी जॉन्सन आणि आणखी एकाने तो कायदा रद्द ठरवला. मग धमक्या सुरू झाल्या. १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बाँब टाकण्यात आला. सुदैवाने आई बचावल्या.

पण त्यांची खरी कसोटी लागली ती १९६५ मध्ये. मतदानाचा हक्क मागण्यासाठी कृष्णवर्णीय लोक सेल्मा गावाहून माँटगोमेरीकडे पायी निघाले. ७ मार्चला पोलिसांनी त्यांना पुलाजवळ बेदम मारले. मोर्चाला संरक्षण मिळावे म्हणून मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी जॉन्सन यांच्याकडे आले. जॉन्सन यांनी काय केले असेल? सुनावणी पूर्ण होईपर्यंत त्यांनी मोर्चालाच मनाई केली! अनेकजण नाराज झाले. मला मात्र ही गोष्ट फार मोलाची वाटते. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय ते कोणाचेच झाले नाहीत.

त्यांनी साक्षी ऐकल्या, मारहाणीची फिल्म न्यायालयात पाहिली. राज्याचे म्हणणे होते, ‘मोर्चामुळे रस्ता अडेल.’ १७ मार्चला निकाल लागला: अन्याय जेवढा मोठा, तेवढा निषेधाचा हक्कही मोठा. मोर्चाचे रक्षण राज्याने करावे. मात्र रस्ता अरुंद होईल तेथे फक्त ३०० माणसांनी चालावे. हा हुकूम ज्यांच्यावर बजावला, ते गव्हर्नर वॉलेस कायद्याच्या वर्गात जॉन्सन यांचे सहाध्यायी होते.

मोर्चा २१ मार्चला निघाला आणि सुमारे ८७ किलोमीटर चालून २५ मार्चला माँटगोमेरीत पोहोचला. पुढे, १९९२ साली, तेथील न्यायालयाच्या इमारतीला जॉन्सन यांचे नाव देण्यात आले. १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले.