पोराला आधी बोलू द्या, मग लिहू द्या



मागच्या बैठकीत एका ताईंनी मुलाची वही दाखवली. अक्षर अगदी मोत्यासारखं. पण 'दोन दिवस शाळेत का आला नाहीस, ते बाईंना लिहून दे' म्हटलं, तर पोरगा अर्धा तास पेन चावत बसला. फळ्यावरचं उतरवता येतं, मनातलं लिहिता येत नाही. आपल्या बऱ्याच घरांत हीच गत आहे. आणि अर्ज, तक्रार, जबाब काही कुणी फळ्यावर लिहून देत नाही. कर्जाचा अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेताना आपल्याला कसं वाटतं, ते आठवा.

भाकरी थापता थापता विचारा, 'आज काय झालं?' 'काय शिकवलं?' असं नको. तो जे सांगेल, त्यातलं एकच वाक्य त्यानं लिहायचं. जुन्या कॅलेंडरची मागची बाजू चालते. मग मोठ्यानं वाचून घ्या. तुम्हाला वाचता येत नसलं तरी हे जमतं, कारण काय सांगायचं राहिलं ते ऐकताना कळतंच. 'कोण पडलं? कुठे पडलं?' विचारलं की तो दुसरं वाक्य आपसूक लिहितो. गटाचं इतिवृत्त आपण असंच तर लिहितो.

घरची बोली खोडू नका. आगरी घरातल्या पोरानं 'आजी बाजारातून आयली' लिहिलं, तर ते राहू द्या. शेजारी 'आली' लिहायला लावा आणि शाळेच्या वहीत कुठलं लिहायचं ते सांगा. उल्हासनगरात सिंधी घरातली पोरं घरी एक भाषा बोलतात, बाहेर दुसरी. आपल्यालाही दोन जमतील. मी स्वतः मुलीचं वाक्यन् वाक्य लाल पेनानं खोडायचे. महिन्याभरात ती चार शब्दांच्या पुढे जाईना. चूक माझी होती.

शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी, तेही एका वेळी एकच. लोकलनं जाताना पाट्या वाचायला लावा. उल्हासनगरात 'ल'ला 'ह' जोडलाय, अंबरनाथच्या 'अ'वर अनुस्वार आहे, बदलापूरचा 'पू' दीर्घ आहे. तो दीर्घ का, ते स्वयंपाकघरात कळतं. मीठ, पीठ, गूळ, दूध: शेवटच्या अक्षराला काना-मात्रा काही नाही, म्हणून त्याच्या आधीचं अक्षर दीर्घ. पण मिठाची बरणी, पिठाचा डबा, गुळाचा खडा, दुधाची पिशवी म्हटलं की शेपूट लागतं आणि ते अक्षर ऱ्हस्व होतं. तसंच बदलापूर, पण बदलापुरात. गुण, विष असे संस्कृतातून आलेले शब्द या नियमात बसत नाहीत, ते सध्या सोडून द्या. किराणाची यादी त्याच्याकडूनच लिहून घ्या, सराव आपोआप होतो.

मुलींच्या बाबतीत तर टाळाटाळ नकोच. पुण्यात जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. 1855 साली तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आपल्या माणसांवर काय गुदरतं, ते तिनं स्वतः लिहिलं. म्हणून तर ते आजही वाचायला मिळतं.

पुढच्या बैठकीला पासबुकासोबत पोराचा किंवा पोरीचा एक कागद आणा. नवा, स्वच्छ करून आणू नका, खाडाखोड असलेलाच आणा.