पिकांची छायाचित्रे व त्यांची योग्य मापे

मक्याच्या पोंग्यात अळी दिसली की मोबाईलवर तिचे छायाचित्र काढून कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञाकडे पाठवावयाचे, ही रीत आता गावोगावी रूढ झाली आहे. ज्या दिवशी कीड दिसली त्याच दिवशी सल्ला मिळू शकतो, हा या रीतीचा मोठाच लाभ होय. तथापि पुष्कळदा असे होते की, आलेल्या चित्रात शेत दिसते, शेतकरी दिसतो, मक्याची हिरवी पानेही दिसतात. फक्त अळी ओळखता येत नाही. मग दुसरे चित्र मागवावे लागते व तोवर अळी पोंग्यात अधिक खोल शिरते. यात कॅमेऱ्याचा दोष क्वचितच असतो. चित्र कोठे जावयाचे आहे व ते पाहणाऱ्यास त्यातून काय वाचावयाचे आहे, हे आधी ठरविले जात नाही, हेच बहुधा कारण असते.

मोबाईलवरील चित्र बारीक बिंदूंचे बनलेले असते. या बिंदूंना पिक्सेल म्हणतात. बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेल्या चित्राची एक बाजू साधारणतः ४००० व दुसरी ३००० बिंदूंची असते. म्हणजे एकूण १ कोटी २० लाख बिंदू झाले. तेच चित्र व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठविले असता वाटेत लहान केले जाते आणि त्याची लांब बाजू सुमारे १६०० बिंदूंवर येते. १६०० गुणिले १२०० म्हणजे १९ लाख २० हजार. सहा हिश्शांपैकी जवळजवळ पाच हिस्से पोचण्यापूर्वीच गळून जातात.

याचा परिणाम काय होतो ते अमेरिकन लष्करी अळीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. मूळची अमेरिका खंडातील ही कीड भारतात प्रथम २०१८ साली कर्नाटकात आढळली व त्याच वर्षी महाराष्ट्रातील मक्यावरही आली. तिच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी फिकट खूण असते आणि शेपटीकडील शेवटून दुसऱ्या खंडावर चौकोनात बसविल्यासारखे चार ठळक ठिपके असतात. मक्यावरील इतर अळ्यांपासून तिला वेगळे ओळखण्यास या खुणा फार उपयोगी पडतात. आता पूर्ण वाढलेल्या अळीचे डोके सुमारे अडीच मिलिमीटर रुंद असते. उभ्याने, ६० सेंटीमीटर रुंदीचा भाग चौकटीत येईल असे चित्र काढले, तर मूळ चित्रात त्या डोक्याच्या वाट्याला सोळा-सतरा बिंदू येतात व चित्र पोचेपर्यंत त्यांतील सहा-सात उरतात. सहा-सात बिंदूंत ‘वाय’ काढणे कोणासही शक्य नाही!

यास्तव खाली बसून, मोबाईल एक वीतभर अंतरावर धरून चित्र काढावे. याहून फार जवळ नेल्यास पुष्कळ मोबाईलांवर चित्र अंधुक होते. या अंतरावरून चौकटीत साधारणतः २५ सेंटीमीटरचा भाग येतो, म्हणजे दर मिलिमीटरला १६ बिंदू पडतात. मग गॅलरीतील ‘क्रॉप’ची सोय वापरून अळीभोवतीचा १० सेंटीमीटरचा भाग तेवढा कातरून घ्यावा. त्याची लांबी बरोबर १६०० बिंदू भरते. वाटेत आणखी लहान करण्याचे कारणच उरत नाही आणि अळीचे डोके ४० बिंदूंनिशी तज्ज्ञापर्यंत पोचते. जे कातरणे आपण केले नाही ते यंत्र आपल्या मर्जीने करते, व यंत्रास अळी कोणती आणि ढेकूळ कोणते हे कळत नाही.

चित्र पाठविताना ‘एचडी’ हा पर्याय निवडल्यास बिंदू अधिक राहतात. ही सोय २०२३ पासून उपलब्ध आहे. चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास ते मुळाप्रमाणे पोचते. अळीशेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवावी, म्हणजे तिची लांबी मोजता येते. एक चित्र शेताचे, एक झाडाचे व एक किडीचे, अशी तीन चित्रे पाठविणे उत्तम. शेतकऱ्याने स्वतः चित्रात उभे राहण्यास हरकत नाही. मात्र ते चौथे चित्र असावे. रंग खुलविणारे फिल्टर वापरू नयेत. जुनी पाने आधी पिवळी पडली की नवी, यावरून नत्राची कमतरता आहे की लोहाची याचा तर्क करावयाचा असतो. तेथे बनावट हिरवेपणा घातक ठरतो.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांपुढील प्रश्न थोडा निराळा आहे. त्यांना सूचनाफलक तयार करून गटात, पानावर व स्टेटसला लावावयाचे असतात. कार्यालयात आलेल्या ए-फोर कागदाचे छायाचित्र काढून तेच पुढे धाडण्याची सवय सर्वत्र आहे. तो कागद २१ सेंटीमीटर रुंद, तर मोबाईलचा पडदा सहा-सात सेंटीमीटर. म्हणजे अक्षर एकतृतीयांश होते. अशा वेळी सर्वांत आधी नाहीसे होतात ते अनुस्वार, रफार आणि दशांशचिन्ह. ‘लिटरला ०.४ ग्रॅम’ यातील टिंब पुसले गेले की उरते ते चार ग्रॅम, म्हणजे दहापट औषध! सबब फलकावर दशांश अपूर्णांक मुळीच लिहू नये. ‘१० लिटर पाण्यात ४ ग्रॅम’ असे पूर्णांकात लिहावे, आणि तेच प्रमाण चित्राखाली मजकूर म्हणूनही टाकावे.

फलकाचे माप आधी ठरवून मगच मजकूर मांडावा. इन्स्टाग्रामसाठी रुंदी १०८० बिंदू धरावी. चौरस चित्र १०८० बाय १०८० व उभे चित्र १०८० बाय १३५० करावे. हीच चित्रे फेसबुकवर व व्हॉट्सॲपच्या गटातही चालतात. स्टेटस किंवा स्टोरीसाठी १०८० बाय १९२० हे माप योग्य होय. तेथे वर नाव व खाली उत्तराची जागा येत असल्याने दोन्ही टोकांस सुमारे २५० बिंदू कोरे सोडावेत. फेसबुकवर दुव्यासोबत दिसणारे आडवे चित्र १२०० बाय ६३० आणि यूट्यूबवरील चलच्चित्राचे मुखचित्र १२८० बाय ७२० असावे. गटाचे चिन्ह वर्तुळात दिसते, म्हणून त्याच्या कोपऱ्यांत काहीही लिहू नये. या कंपन्या आपली मापे अधूनमधून बदलतात. त्यामुळे तारीख, ठिकाण व औषधाचे प्रमाण नेहमी मध्यभागी ठेवावे. कडा कापल्या गेल्या तरी हा मजकूर वाचतो.

उभ्या मापात आडवे चित्र बसविण्यासाठी ते ताणू नये. ताणलेल्या चित्रात आखूड कणीस लांब दिसते व गोल डाग लंबगोल होतो. रोगाच्या चित्रात तर हा खोटा पुरावाच होय. वर-खाली साधी पांढरी पट्टी सोडावी. लहान चित्र मोठे केल्याने त्यात नवी माहिती येत नाही. तसेच गटातून गटात फिरत आलेल्या चित्राचा स्क्रीनशॉट घेऊन पुढे पाठविण्यापेक्षा मूळ चित्र मागून घ्यावे. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेल्या चित्रासोबत ते काढल्याची जागा व वेळ येत नाही. म्हणून गावाचे नाव, पेरणीची तारीख व कीड प्रथम दिसल्याचा दिवस शेजारी लिहावा आणि सल्ला मिळेपर्यंत मूळ चित्र मोबाईलमधून पुसू नये.

फलक तयार झाल्यावर तो प्रथम गटातील एखाद्या साध्या, लहान पडद्याच्या मोबाईलवर पाठवून पाहावा. उन्हात उभे राहून, हात लांब करून, बोटांनी मोठा न करता औषधाचे प्रमाण वाचता आले तर तो सर्वांस पाठवावा. न आल्यास शब्द कमी करून पुन्हा तयार करावा.